कसबाचा दाखला शिक्षणात धरतात का?

कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाने बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी जी माणसे येतात, त्यांतील पुष्कळांच्या हातात मागणीपत्र नसते; प्लास्टिकची फाईल असते. तिच्यात दाखले असतात. आयटीआयचा दाखला, ॲप्रेंटिसशिपचा दाखला, वेल्डिंगच्या चाचणीचा दाखला, वायरमनचा परवाना, कोणाच्या मुलाने दिलेल्या कॉम्प्युटर नेटवर्कच्या परीक्षेचे प्रमाणपत्र. आणि प्रश्न एकच असतो: "भाऊ, कॅनडाच्या अर्जात हे शिक्षणात धरतील का?"

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरावर प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम, बायकोचे दागिने आणि चार-पाच वर्षांची उमेद अवलंबून असते. मी कायद्याचा पदवीधर नाही. माझी शाळा दहावीला सुटली, आणि पुढचे शिकणे कामगार कायद्यांची पुस्तके वाचून व लेबर कोर्टाच्या बाकावर बसून झाले. त्यामुळे नियमातला प्रत्येक शब्द दोनदा वाचावयाची सवय जडली आहे. या विषयात ती उपयोगी पडते, कारण येथला बहुतेक घोळ एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे 'शिक्षण'.

आपण हा शब्द फार उदारपणे वापरतो. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढून जो लेथवर बसला, त्यालाही आपण 'शिकलेला कारागीर' म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु परदेशाच्या स्थलांतर कायद्याला माणूस काय शिकला यापेक्षा तो कोठे शिकला, किती काळ शिकला आणि त्या जागेला सरकारची मान्यता होती की नाही, एवढेच पाहावयाचे असते. कॅनडाच्या नियमावलीप्रमाणे शिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेतील किंवा प्रशिक्षणसंस्थेतील अभ्यासक्रम पुरा केल्यावर मिळालेले प्रमाणपत्र. यातील 'संस्था', 'अभ्यासक्रम' आणि 'पुरा केल्यावर' ही तिन्ही पदे महत्त्वाची आहेत. नुसती परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेला दाखला, मग ती परीक्षा कितीही कठीण असो, या तीन पदांपैकी पहिल्या दोहोंतच अडतो. त्याच्यामागे संस्था असते ती परीक्षा घेणारी, शिकविणारी नव्हे.

याखेरीज, ते प्रमाणपत्र कॅनडाबाहेरचे असेल तर त्याचे समकक्षता-मूल्यमापन करून घ्यावे लागते. ही अट २०१३ सालच्या मे महिन्यापासूनची आहे. हे काम कॅनडा सरकारने नेमून दिलेल्या संस्था करतात. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही त्यांतली आपल्याकडे सर्वांत ठाऊक असलेली. टोरांटो विद्यापीठाचाही असा एक विभाग आहे. डॉक्टरांसाठी आणि औषधनिर्मात्यांसाठी त्या त्या व्यवसायाची मंडळे निराळी आहेत. मूल्यमापन करणारी संस्था दोन गोष्टी सांगते: कागद खरा आहे की नाही, आणि तो कॅनडातील कोणत्या पातळीच्या शिक्षणाइतका आहे. हाताचे कसब तपासणे हे तिचे कामच नव्हे. तो अहवाल पाच वर्षे चालतो. आणि तो मिळाला म्हणजे तेथे धंदा करावयाचा परवाना मिळाला, असा समज कोणी करून घेऊ नये.

आता आमच्या सभासदांची सर्वांत मोठी तक्रार पाहू. ते म्हणतात, "डिग्रीवाल्याला वेल्डिंगची कांडी धरता येत नाही, तरी त्याची डिग्री चालते, आणि आमचा सिक्स-जीचा दाखला का चालत नाही?" ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सिक्स-जी म्हणजे पंचेचाळीस अंशांत तिरप्या धरलेल्या स्थिर नळीवर चहूबाजूंनी जोड मारून दाखविण्याची चाचणी. रिफायनरीत आणि वीजकेंद्रात हा वेल्डर सोन्यासारखा जपतात. मग त्याच्या दाखल्याला शून्य का?

याचे उत्तर त्या दाखल्याच्या स्वभावात आहे. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची जी संहिता या चाचण्यांना लावतात, तिच्याप्रमाणे वेल्डरने एखाद्या पद्धतीने सहा महिने किंवा अधिक काळ जोडकाम केले नाही, तर त्या पद्धतीपुरती त्याची पात्रता संपते. सिस्को कंपनीचा सीसीएनए हा नेटवर्कचा दाखला तीन वर्षांनी नवा करावा लागतो. प्रकल्प व्यवस्थापनाचा पीएमपी म्हणून जो प्रसिद्ध दाखला आहे, त्याचेही तीन वर्षांनी नूतनीकरण असते. उलट १९८५ साली बी. कॉम. झालेल्या माणसाला जमाखर्चाचे आज एक अक्षर आठवत नसले, तरी त्याची पदवी शिळी होत नाही. कसबाचा दाखला 'हा माणूस आज हे काम करू शकतो' असे सांगतो. पदवी 'हा माणूस अमुक वर्षे अमुक ठिकाणी शिकत होता' असे सांगते. पहिला वर्तमानकाळाचा साक्षीदार, दुसरी भूतकाळाची. मालकाला पहिला उपयोगी, म्हणून तो चाचणी घेतो. सरकारला हजारो कोसांवरून लाखो अर्ज निवडावयाचे असतात. त्याला न बदलणारा, कोणालाही ताडून पाहता येईल असा कागद हवा असतो. हा न्याय आहे असे मी म्हणत नाही. पण यात निव्वळ तिरस्कार आहे असेही नव्हे.

मुळात कॅनडाची पद्धत इतकी आखडलेली नव्हती. १९६७ साली तेथे गुणांची पद्धत सुरू झाली तेव्हा शिक्षणाला जास्तीत जास्त वीस गुण होते, आणि शाळेच्या किंवा धंदेशिक्षणाच्या यशस्वी प्रत्येक वर्षाला एक गुण असा सरळ हिशेब होता. उमेदवारीतली वर्षेही मोजली जात. त्यापूर्वी माणसाचा वर्ण आणि देश पाहून निवड होत असे. तिच्या मानाने ही पद्धत पुष्कळच पुढारलेली होती, आणि हिंदुस्थानी माणसाला त्या देशाचे दार खऱ्या अर्थाने तिनेच उघडले. २००२ सालच्या नव्या कायद्याने प्रमाणपत्र आणि एकूण शिक्षणवर्षे अशी दुहेरी अट आणली. २०१३ मध्ये वर्षांची मोजणी गेली आणि मूल्यमापन आले. म्हणजे ४६ वर्षांत भर शिकण्याच्या काळावरून कागदाच्या दर्जावर सरकला. आमच्यासारख्यांचे नुकसान त्यातच झाले.

तरीही आयटीआयच्या मुलाने निराश होण्याचे कारण नाही, कारण आयटीआय ही निव्वळ परीक्षा नव्हे. १९५० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली त्या संस्था चालतात, अभ्यासक्रम ठरलेला असतो, हजेरी असते, अखेरीस राष्ट्रीय प्रमाणपत्र असते. वर सांगितलेली तिन्ही पदे तेथे लागू पडतात. उरतो प्रश्न दर्जाचा. बारावीनंतर दोन वर्षांचा फिटरचा कोर्स केला तर मूल्यमापन करणारा तो शाळेपुढचे शिक्षण म्हणून धरील, की शाळेच्याच पातळीवर ठेवील? यावर किती अवलंबून असते, ते आकड्यांत पाहा.

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर या वर्गाच्या तक्त्यात शंभरपैकी ६७ गुण लागतात. शिक्षणाला कमाल २५. केवळ माध्यमिक शाळा पुरी केली असेल तर ५. शाळेनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असेल तर १५. दोन वर्षांचा असेल तर १९. तीन वर्षांची पदवी असेल तर २१. आता आपला फिटर ३२ वर्षांचा धरा. वयाचे १२ गुण मिळाले. सहा वर्षांहून अधिक कुशल काम केले आहे, त्याचे १५. इंग्रजीत त्याने प्रत्येक अंगात कॅनडाच्या मोजपट्टीवरची नववी पातळी गाठली, तर २४. झाले ५१. आयटीआय शाळेच्या पातळीवरच धरले तर एकूण ५६, एक वर्षाचे धरले तर ६६, आणि दोन वर्षांचे धरले तर ७०. ६६ वर अडकलेल्या माणसाच्या मनाची कल्पना करा. एका गुणाने दार बंद!

आता त्याच फिटरचे इंग्रजी सातव्या पातळीचे धरू, कारण तेच अधिक संभवनीय आहे. मग भाषेचे १६ गुण होतात, आणि तिन्ही बेरजा अनुक्रमे ४८, ५८ आणि ६२ येतात. एकही पार होत नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. या माणसाने आणखी चार कसबाचे दाखले मिळवले तर त्याच्या शिक्षणाच्या खात्यात भर पडते शून्याची. त्याच वेळात त्याने इंग्रजी सातवीवरून नववीला नेले तर आठ गुण वाढतात. त्याच्या बायकोने इंग्रजीची अगदी चौथी पातळी गाठली तर आणखी पाच मिळतात. मी सभासदांना सांगतो, पुढचा कोर्स तू लावू नकोस, वहिनींना इंग्रजीच्या शिकवणीला घाल. ते हसतात, पण हिशेब तसा आहे. (तिकडे भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी असेल तरी पाच गुण मिळतात. चुलतभाऊ चालत नाही, आणि आमच्या लोकांचे तिकडे नेमके चुलतभाऊच असतात.)

६७ गुण म्हणजे रांगेत उभे राहण्याचा हक्क, एवढेच. २०१५ पासून त्या रांगेत पुन्हा बाराशे गुणांच्या दुसऱ्या तक्त्याप्रमाणे क्रम लागतो. त्या दुसऱ्या तक्त्यात मात्र एक चमत्कारिक गोष्ट आहे. तेथे धंद्याच्या पात्रता-दाखल्याला मान आहे. भाषेची सातवी पातळी असेल तर अशा दाखल्याला ५० गुण मिळतात! अनेक दलालांनी याच एका वाक्यावर आमच्या मुलांचे पैसे उकळले आहेत. ते वाक्याचा दुसरा भाग सांगत नाहीत, तो असा की तो दाखला कॅनडातील प्रांताने, प्रदेशाने किंवा तेथल्या केंद्रीय अधिकाऱ्यानेच दिलेला असला पाहिजे. आपल्या आयटीआयचा नव्हे, ॲप्रेंटिसशिपचा नव्हे, आखातातल्या कंपनीचा तर नव्हेच. कारागिरांसाठी २०१३ साली जो स्वतंत्र वर्ग निघाला, त्यात शिक्षणाची अट मुळीच नाही आणि भाषेची अटही सौम्य आहे. परंतु तेथेही एक तर वर्षभराच्या कामाचे पक्के बोलावणे हवे, नाही तर हाच कॅनडाचा दाखला हवा. कसबाला नाकारले आहे असे नाही, पण त्याची परीक्षा आपल्या अंगणात आपण घेऊ, असे ते सरकार म्हणते.

हाच कागद दुसऱ्या देशात निराळे वजन दाखवतो. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांच्या गुणपद्धतीत ६५ गुण लागतात. पदवीला १५ गुण आहेत. परंतु तुमच्या धंद्याचे मूल्यमापन करणाऱ्या अधिकृत मंडळाने एखादी पात्रता त्या धंद्याला योग्य म्हणून मान्य केली, तर तिला १० गुण मिळतात. म्हणजे निर्णय धंदा जाणणाऱ्याकडे दिला. शिवाय ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही संस्था भारतातील इलेक्ट्रिशियनसारख्या काही कारागिरांची प्रत्यक्ष हाताची परीक्षा घेण्याची व्यवस्था करते. मला विचाराल तर ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. जर्मनीने २०२० पासून आपला कायदा सैल करीत आणला आणि २०२४ सालच्या जूनमध्ये 'संधीपत्र' नावाची गुणांची योजना काढली. तिच्यात स्वदेशी सरकारने मानलेले किमान दोन वर्षांचे धंदेशिक्षण चालते. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. पण 'दोन वर्षांचे' हा शब्द पाहा. आयटीआयचा फिटर दोन वर्षांचा आणि वेल्डर एक वर्षाचा. एकाच शेडमध्ये शेजारी उभे असलेले दोघे. एक आत, दुसरा बाहेर. एक वर्षाचा वेल्डर कामात कच्चा म्हणून बाहेर नाही, त्याचा कोर्स लहान म्हणून बाहेर. आमच्या प्रशिक्षण मंडळांनी कोर्सची लांबी ठरविताना यापुढे याही गोष्टीचा विचार केला पाहिजे.

आणि परक्यांना दोष देताना आपले घरही पाहावे. आपल्या १९८३ सालच्या परदेशगमन कायद्याच्या व्यवहारात दहावी उत्तीर्ण माणसाला जी सूट आहे, तीच राष्ट्रीय वा राज्य परिषदेने मानलेल्या धंदेशिक्षणाच्या दाखल्यालाही आहे. तेथे आपण कसब आणि शाळा एका पंक्तीला बसवली. परंतु शिक्षणखात्यात? दहावीनंतर दोन वर्षे आयटीआयमध्ये घाम गाळलेल्या मुलाला कित्येक वर्षे बारावीच्या बरोबरीचा मानीत नसत. २०१६ साली केंद्राचे प्रशिक्षण महासंचालनालय आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था यांच्यात करार झाला; आयटीआयचे गुण वळते करून, उरलेल्या विषयांची परीक्षा देऊन बारावीचे प्रमाणपत्र घेता येऊ लागले. ज्याला पुढे परदेशी जावयाचे आहे त्याने ही परीक्षा अवश्य द्यावी. निदान शाळा पुरी झाली की नाही, हा वाद तरी मिटतो.

काठावरची प्रकरणे आणखी आहेत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था; तिची एएमआयई ही परीक्षा देऊन मुंबई-पुण्याचे कितीतरी पाळीवरचे कामगार रात्री अभ्यास करून इंजिनीअर झाले. वर्ग नाही, हजेरी नाही, केवळ परीक्षा. तरी भारत सरकार तिला नोकरीपुरती पदवीच्या बरोबरीची मानीत असे. ही मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती राहिली. चार्टर्ड अकाउंटंटचेही तसेच. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली ती संस्था. तिची परीक्षा देशात सर्वांत कठीण समजली जाते, पण ती विद्यापीठ नव्हे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने आपल्या नेट परीक्षेसाठी ती पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची मानली. हे दाखले नुसत्या परीक्षेचे आहेत हे खरे, पण त्यांच्यामागे देशाची मान्यता उभी आहे, आणि सीसीएनएसारख्या दाखल्याच्या मागे एक कंपनी उभी आहे. एवढा फरक मूल्यमापनात मोठा ठरतो. असा दाखला असलेल्याने तो मूल्यमापनाला जरूर घालावा; कंपनीच्या दाखल्यासाठी फी फुकट घालवू नये.

याच ठिकाणी एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. दलाल सांगतो, "हा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आपण एक वर्षाचा डिप्लोमा म्हणून दाखवू, कोण पाहतो?" पाहतात. कॅनडाच्या कायद्यात चुकीची माहिती देणाऱ्याला पाच वर्षे प्रवेशबंदी आहे; २०१४ पूर्वी ती दोन वर्षे होती. आमच्या भागातल्या एका टर्नरचा अर्ज एका दलालाने असाच रंगवला. टर्नरने इंग्रजी फॉर्मवर नुसती सही केली होती. बंदी आली ती सही करणाराला; दलालाचा फलक आजही झळकतो. सही ज्याची, जबाबदारी त्याची, असा कायद्याचा रोख आहे. म्हणून ज्या रकान्यात मूल्यमापनाचा अहवाल जोडता येत नाही, त्या शिक्षणाच्या रकान्यात काहीही लिहू नये.

मग हे दाखले टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. त्यांची जागा निराळी आहे: कामाच्या अनुभवाच्या पुराव्यात. अनुभवाला पंधरापर्यंत गुण असतात, आणि त्यासाठी मालकाचे पत्र लागते. त्या पत्रात हुद्दा, नेमकी कोणती कामे केली त्यांचे वर्णन, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे किती तास आणि पगार किती, एवढे सर्व हवे. 'हा इसम आमच्याकडे समाधानकारक काम करीत होता' असे आमच्या कारखान्यांतून देतात, तसले दोन ओळींचे पत्र उपयोगाचे नाही. सिक्स-जीचा दाखला या पत्रासोबत लावला की 'पाईप वेल्डर' या शब्दाला जोर येतो.

आणि येथेच खरा पेच आहे. आजचा कुशल वेल्डर, फिटर, रिगर बहुधा कंत्राटदाराकडे असतो. दहा वर्षांत सहा कंत्राटदार बदललेले असतात. दोन गाशा गुंडाळून गेलेले, एकाने हजेरीपुस्तकच ठेवलेले नाही. ज्या कारखान्यात प्रत्यक्ष काम केले, तो म्हणतो हा आमचा माणूस नव्हे. अशा माणसाचे हात साऱ्या शेडला ठाऊक असतात, पण त्याच्याकडे गेटपासखेरीज कागद नसतो. आमच्या युनियनने म्हणून गेल्या काही करारांत एक कलम घालून घेतले: कंत्राट संपताच प्रत्येक कामगाराला कामाचे वर्णन, तारखा, तास आणि वेतन लिहिलेले पत्र मिळाले पाहिजे, आणि त्यावर मुख्य मालकाच्या विभागप्रमुखाची सही हवी. सुरुवातीला व्यवस्थापनाला याचे हसू आले होते. जेथे असे कलम नाही, तेथील माणसाने निदान प्रॉव्हिडंट फंडाचे पासबुक, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, ईएसआयचे कार्ड आणि जुने गेटपास एकत्र जपून ठेवावेत; आणि पत्र मागावयाचे ते काम चालू असताना मागावे, कंत्राटदार गावाला निघून गेल्यावर नव्हे.